पहिले शंभर मीटर

स्नेहसंमेलनात प्राचार्य प्रास्ताविक करत होते आणि शेवटच्या रांगेत एक माणूस हातात स्टॉपवॉच धरून बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो प्राचार्यांजवळ गेला आणि अदबीने म्हणाला, "सर, एकतीस मिनिटं झाले. त्यातले विषयावर साडेचार." प्राचार्यांना हा खवचटपणा वाटला. तो खवचटपणा नव्हता. त्या माणसाला खवचटपणा येतच नसे. इतका वेळ बोलणाऱ्याला आपण किती बोललो हे कळलं तर बरं वाटेल, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

हे आमचे लॅबकाका. भंडाऱ्यापासून थोडं आत असलेल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि मी मराठी शिकवत होतो. म्हणजे कॉलेजात ज्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही अशा दोन जागा आम्ही सांभाळत होतो. त्यामुळे आमची मैत्री झाली असावी.

काकांचं घर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं. वडील मागावर, थोरले भाऊ मागावर. हे एकटे शिकले, आणि शिकून जिथे पोचले तिथे त्यांच्या हाती फडकं आणि किल्ल्यांचा जुडगा आला. पण मागाचं एक चिन्ह त्यांनी सोडलं नाही. खिशात कायम एक कांडी असायची आणि तिच्यावर गुंडाळलेला पक्का सुती दोरा. मीटरमीटरवर गाठ, दर दहाव्या गाठीला लाल धागा. बाजारातली मोजपट्टी ते वापरत नसत असं नाही. आधी दोऱ्याने तिची तपासणी करत, मग वापरत.

गावाच्या तलावावर एक पाटी होती. तिच्यावर पाळीची, म्हणजे बांधाची, लांबी लिहिलेली होती. काकांनी दोरा घेऊन पाळ मोजली आणि पाटीवरच्या आकड्याखाली खडूने खरा आकडा लिहिला. पावसात खडू गेला. त्यांनी पुन्हा लिहिला. पुढे पेंटरने पाटी नव्याने रंगवली, जुन्याच आकड्यासकट. काका दुसऱ्या दिवशी खडू घेऊन हजर. मी विचारलं, "काका, कोण वाचतं ती पाटी?" ते म्हणाले, "कोनी वाचत नाही म्हनून खोटं लिवाचं का जी?" मराठीच्या मास्तराला असे प्रश्न परवडत नाहीत.

काकू सांगायच्या, "यायले चहा गरम आहे म्हणून चालत नाही. किती गरम, ते सांगावं लागते. लग्न झालं तवा माह्या बापाले वाटलं, पोरगा मितभाषी आहे. मितभाषी नाही हो, हा मनातल्या मनात मोजून राहते."

प्रयोगाच्या वहीबद्दल त्यांचा एकच कायदा होता: खोडरबर वर्गात आणायचं नाही. चुकलेलं वाचन एका रेघेने खोडायचं, असं की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी लिहायचं का खोडलं ते. एकदा एका मुलाने लोलकाची सगळी वाचनं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवली. काकांनी वही पाहिली, मग त्याचं मनगट पाहिलं.

"हे कोनं मोजलं बे?"

"मीच मोजलं काका."

"तुह्या घड्याळात सेकंदाचा काटा नाही. हे दशांश कुठून आनले, बाजारातून?"

पोरगा सरळ झाला असं म्हणत नाही. पण पुढच्या बुधवारी तो लोलक हलवत बसलेला मी स्वतः पाहिला.

आता भाऊंकडे येतो. भाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गावात भाऊ दिसण्याआधी त्यांची गाडी दिसत असे. काळी, उंच, डिझेलवर चालणारी, चढायला पायरी असलेली. पुढच्या सीटवर भाऊ, आणि मागे जेवढे मावतील तेवढे कार्यकर्ते. ही गाडी कधी रिकामी पळालेली कुणी पाहिली नव्हती. भाऊंच्या गाडीतून आज जो उतरेल त्याची जागा उद्या दुसरा घेईल, हे मागे बसलेल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पानटपरीपर्यंत जायचं असलं तरी सगळे बसूनच जात.

भाऊंच्या मनात आलं होतं की कॉलेजात आपल्या वडिलांच्या नावाचं सभागृह व्हावं. जागा त्यांनी पाहून ठेवली होती: भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. मधली भिंत पाडली की झालं. काकांनी तीन अर्ज केले होते. अर्जांचं जे होतं ते झालं. मग एक दिवस भाऊ स्वतः जागा बघायला आले, मागे कार्यकर्ते, प्राचार्य आणि मी. काकांनी कुलूप उघडलं.

"काय होते जी इथं?" भाऊ दारातूनच म्हणाले. "पोट्टे तर सारे नागपूरच्या क्लासले जातेत."

"बुधवारी अन् शुक्रवारी प्रॅक्टिकल होते जी."

"लोलक हालवून कोनी डॉक्टर झाला का?"

कार्यकर्ते हसले. काकांना तो प्रश्न वाटला. त्यांनी विचार केला. "नाही झाला," ते म्हणाले. "पन डॉक्टर झाल्यावर नाडी बरोबर मोजते."

भाऊ बाहेर पडले, आणि दारापुढेच दचकून बाजूला झाले. आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडम गाडी घेऊन आवारात येत होत्या. त्यांचे यजमान जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात नोकरीला, राहायला तिथलेच क्वार्टर. मॅडम रोज तिथून यायच्या आणि नुकतीच त्यांनी बॅटरीवरची पांढरी सेडान घेतली होती. आवाज नसल्यामुळे ती आली हे आल्यावरच कळे. अध्यक्षांनी चारचौघांत उडी मारणं ही गंभीर गोष्ट असते. ती कुणाच्या तरी अंगावर ढकलावी लागते.

"मॅडम, हे गाडी होय का पंखा?" भाऊ म्हणाले. "चालू आहे का बंद, समजतच नाही. भाजी आनाले ठीक आहे. पिकप पाह्यचा असन तर आमची पाहा."

"पिकप म्हणजे?" काकांनी विचारलं.

"दम जी, दम! पाय दाबला का निघाली."

"मंग त्यात मॅडमची पुढं राहीन," काका म्हणाले. "इंजिनले जोर धराले आधी फिरावं लागते. मोटरले उभ्याउभ्याच सारा जोर भेटते. पहिल्या शंभर मीटरात मॅडमची गाडी पुढं."

प्राचार्यांनी आकाशाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"लावता शर्त?" भाऊ म्हणाले.

"शर्त नाही जी. प्रयोग करू."

"प्रयोग तर प्रयोग. तुमचं खरं निघालं तर लॅब राहीन. नाही निघालं तर ते चाबी माह्या हातात द्याची, अन् मंग कामात आडवं नाही याचं."

मी मागून काकांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. "जमन," ते म्हणाले.

"अहो काका, गाडी माझी आहे. मला विचाराल तरी?" मॅडम म्हणाल्या.

"विचारूनच राहिलो आता."

मॅडमनी भाऊंकडे पाहिलं, लॅबच्या दाराकडे पाहिलं. "या रविवारी मोकळी आहे मी," त्या म्हणाल्या.

नंतर मी काकांना म्हटलं, हा वेडेपणा आहे, नोकरीची दोन वर्षं राहिलीत, कशाला हो म्हणालात? ते किल्ल्यांचा जुडगा खिशात ठेवत म्हणाले, "सर, अर्ज करून पाहिले. आता लॅब वाचली तर लॅबमधल्याच कामानं वाचन. त्यानं नाही वाचली, तर मंग भाऊ म्हनते ते खरं आहे."

रविवारी दुपारी आम्ही सगळे बायपासवर जमलो. हा सिमेंटचा बायपास तयार होऊन बरेच महिने झाले होते. पण फीत कापणाऱ्या हातांची तारीख मिळत नसल्याने तो बंद होता. बंद असल्यामुळे उपयोगात होता. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्याच्यावर धान वाळत घातलं होतं. काकांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विनवून एका बाजूचं धान सरकवलं, पोरांनी खराटे मारले आणि दोन स्वच्छ पट्टे तयार झाले. बारावीची वीसेक मुलं आली होती. भाऊ जिंकताना दिसावेत म्हणून त्यांच्या लोकांनी गावही आणलं होतं, फटाक्यांची लड घेऊन.

मला वाटलं होतं काका स्टॉपवॉच आणतील. त्यांनी सलाईनच्या दोन बाटल्या आणल्या, नळ्यांसकट.

"घड्याळ दाबनारा मानूस असते," त्यांनी मुलांना सांगितलं. "अन् मानसाचा अंगठा अध्यक्षाकडं पाहून दाबल्या जाते. थेंबाले अध्यक्ष मालूम नाही."

एका बाटलीत नीळ घातलेलं पाणी, दुसरीत घरचा कोसा रंगवणाऱ्याकडून आणलेला लाल रंग. पांढऱ्या गाडीच्या मागे निळी बाटली बांधली, काळ्या गाडीच्या मागे लाल. नळी अशी लावली की सेकंदाला बरोबर दोन थेंब पडावेत. वाऱ्याने थेंब उडू नये म्हणून खाली प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा. गाडी जसजशी वेग घेईल तसतसे रस्त्यावरचे थेंब लांब लांब पडतील. शंभर मीटरांत ज्या गाडीचे थेंब कमी, तिला वेळ कमी लागला. चौथी नापास झालेल्यालाही समजावं इतकं सोपं होतं ते. मला स्वतःला समजलं.

भाऊ गाडीत बसले. त्यांच्यामागे बसायचे ते सगळे बसले. काकांनी रुमाल खाली केला.

काळी गाडी गरजली. पांढरी गाडी गरजली नाही, नुसती निघाली. पाहतापाहता ती दोन गाड्यांचं अंतर पुढे होती, आणि शंभराव्या मीटरची चुन्याची रेघ तिने तेवढ्याच फरकाने ओलांडली. मुलं ओरडली. मी, वयाने आणि हुद्द्याने शोभणार नाही असा, उडी मारून ओरडलो. थेंब मोजले: निळे सतरा, लाल अठरा. लड आणणाऱ्याने लड पाठीमागे धरली.

काका मात्र थेंबांकडे पाहत नव्हते. गाड्या वळून परत आल्या होत्या आणि काळ्या गाडीची दारं उघडली होती. काका उतरणारी माणसं मोजत होते.

"पाच... सहा... सात." त्यांनी पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मॅडम एकट्या उतरल्या. "एक."

मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी जवळजवळ धावतच गेलो. "काका," मी हळूच म्हटलं, "आपण जिंकलो. भाऊंनीच भरलीत ना माणसं? त्यांची चूक. गप बसा."

हे वाक्य मी बोललो, हे इथे लिहून ठेवतो. काकांच्या कायद्याप्रमाणे ते मला खोडता येईल, पण वाचता येईल असंच.

"सर, एका गाडीत सात अन् एकीत एक," काका सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "याले गाड्यायची तुलना नाही म्हनत. हे मानसायची मोजनी झाली. रद्द."

भाऊ चक्रावले. "अबे... म्हंजे जी, तुम्ही तर जिंकून राहिले ना!"

"नाही जी. कोन जिंकलं हे आपल्याले अजून मालूमच नाही. आता मानसं खालीच ठेवा."

कुणी हललं नाही. उतरलेले परत दाराशी सरकले होते. भाऊंनी एकदा नुसतं मागे पाहिलं, तेव्हा पाच जण नाइलाजाने बाजूला झाले.

"तुम्ही पन, भाऊ."

त्या गाडीची पुढची सीट भाऊंविना धावल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. भाऊंचा हात पुढच्या दारावर होता. तो त्यांनी काढला.

आता दोन्हीकडे एकेक माणूस. पण भाऊंचा ड्रायव्हर चांगला भरदार होता. काकांनी धानवाल्या म्हाताऱ्याकडून पोत्याचा काटा मागवला.

"काका, माझं वजन सगळ्यांसमोर सांगणार नाही ना तुम्ही?" मॅडमनी दम दिला.

"नाही जी. फक्त वहीत लिवतो."

फरकाइतकं धान पोत्यात भरून मॅडमच्या शेजारच्या सीटवर ठेवलं. पोतं घसरू नये म्हणून मॅडमनी त्याला पट्टा लावला. पोरांनी पहिल्या फेरीच्या थेंबांवर खडूने फुल्या मारल्या आणि रुमाल खाली आला.

या वेळी पांढरी गाडी पुन्हा पुढे निघाली, पण काळी तिला सोडेना. अर्ध्यावर अंतर होतं, मग कमी झालं, मग नव्हतं. रेघेवर काळी गाडी पुढे होती. निळे सतरा, लाल सोळा. आधीच्या थेंबांवर फुल्या मारून, पट्टे बदलून पुन्हा घेतलं. तेच. तिसऱ्यांदा. तेच. भाऊंच्या लोकांनी लड लावली. वाळत घातलेलं धान उडालं आणि म्हाताऱ्याने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

काकांनी वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं. पहिली फेरी लिहिली, एका रेघेने खोडली, शेजारी लिहिलं: सात माणसे. मग तिन्ही फेऱ्या. मग शेवटची ओळ लिहून त्यांनी ती मोठ्याने वाचली. "चौदाव्या थेंबापर्यंत बॅटरीची गाडी पुढे. त्यानंतर डिझेलची. मी शंभर मीटर सांगितले होते. माझे सांगणे चूक." खाली सही केली.

लोकांना वाटतं, अभिमान हा जिंकलेल्या माणसाचा वाटतो. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले. शाली पाहिल्या, श्रीफळं पाहिली, मानपत्रांची भाषा दुरुस्त करून दिली. ज्याच्या ओळखीचा असण्याचा मला अभिमान वाटावा असा माणूस मी त्या बॉनेटपाशी वाकलेला पाहिला. त्याला जिंकू द्यायला सगळे तयार होते, त्याचा प्रतिस्पर्धीसुद्धा. फक्त तो तयार नव्हता.

मग काकांनी जुडग्यातून किल्ली काढली. ती काढायला वेळ लागला. किती वर्षं ती त्या कड्यात होती कोण जाणे. भाऊंसमोर गेले आणि तळहातावर ठेवून धरली.

"तुमचं खरं निघालं जी. हे घ्या."

भाऊंनी किल्ली घेतली. त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ नेहमीच्या सवयीने गर्दीकडे वळले, दोन शब्द बोलायला. पण समोर गर्दी नव्हती. म्हणजे होती, पण सगळी खाली बसलेली. वीसही मुलं दोन्ही पट्ट्यांवर उकिडवी बसून थेंब मोजत होती. काकांनी गाठींचा दोरा आणि आणखी दोन तसलेच दोरे त्यांना दिले होते. निळ्या-लाल थेंबांतली अंतरं घेऊन वह्यांत उतरवणं चाललं होतं, आणि भांडण जुंपलं होतं.

"चौदा नाही बे, तेराव्याले बराबरी झाली!"

"तुह्या डोयाले बराबरी! गाठ पाह्य ना!"

"थांब, पुन्हा लाव दोरा. इकडून."

लॅब गेली, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मोजायचं राहिलं होतं, म्हणून ती मोजत होती. भाऊ दोन पावलं पुढे आले. कुणी उठलं नाही, कुणी नमस्कार केला नाही. गाडीशिवाय भाऊ रस्त्यावर बरेच लहान दिसत होते, हेही मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

"भाऊ," बारावीतली एक पोरगी खालूनच म्हणाली, "पाय उचला जी. तुमच्या गाडीचा थेंब आहे तो."

भाऊंनी पाय उचलला. पायाखालच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. मग तिथून मागे, ओळीने पडलेल्या बाकीच्या ठिपक्यांकडे. जवळजवळ, मग दूर, मग आणखी दूर. आपली गाडी कशी पळते हे त्यांना आजवर आतूनच माहीत होतं.

"ह्या इथं मी मागं होतो म्हनते का तू?" त्यांनी बोट दाखवलं.

"हो. तिथं चांगले मागं होते. मॅडम इथं होत्या, पाहा. मंग तुम्ही धरलं." तिने दोऱ्याचं टोक वर केलं. "एवढं धरता का जरा? हा मेला नीट धरतच नाही."

भाऊ खाली बसले. पांढऱ्या पायजम्यासकट. एका हातात किल्ली होती. एका हाताने दोरा ताणला जाईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी काका उभे होते.

"हे धरा जी थोडं," म्हणून त्यांनी किल्ली काकांच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी टोक धरलं.

ती किल्ली त्यांनी पुन्हा मागितली नाही. मागायची विसरले की मागायची नव्हती, हे मला त्या कॉलेजात असेपर्यंत ठरवता आलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. सभागृह पुढे कँटीनच्या मागे झालं. प्राचार्यांचं प्रास्ताविक तिथे जास्त घुमतं म्हणतात. पण त्या संध्याकाळी असला हिशोब कुणाच्या डोक्यात नव्हता. बायपासवर उन्हं कलत होती, म्हातारा शिव्या देत धान गोळा करत होता, आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष रस्त्यात मांडी घालून दोऱ्याचं टोक धरून बसले होते.

"ढिला आहे भाऊ," पोरगी म्हणाली. "अजून ताना."

भाऊंनी ताणला.